पल्स ऑक्सिमीटर : दोन यंत्रे आणि एक वही

बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे यंत्र मी प्रथम पाहिले ते सप्टेंबर 2020 मध्ये, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेतील आरोग्यसेविका नागपुरातील महाल भागातल्या आमच्या घरी आल्या तेव्हा. पुण्यात 9 मार्चला राज्यातील कोरोनाचे पहिले रुग्ण आढळल्याला सहा महिने झाले होते आणि पहिली लाट ऐन भरात होती. त्याच आठवड्यात मी घाईने एक स्वस्त ऑक्सिमीटर ऑनलाइन मागवला. त्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. घरातील प्रत्येकाचा आकडा तो 98 दाखवी, आणि एकदा भाचीने सहज त्यात पेन्सिल अडकवली तेव्हाही पडद्यावर 97 उमटले. विक्रेत्याने ते यंत्र परत घेतले नाही. अशा काळात असे यंत्र विकणे मला आजही अक्षम्य वाटते, कारण ते मोजत काहीच नाही, आणि धीर मात्र देते.

दुसरा ऑक्सिमीटर, ज्याचे हे परीक्षण आहे, तो मी फेब्रुवारी 2021 मध्ये दवाबाजारातून 2,100 रुपयांना आणला. अमरावतीत 22 फेब्रुवारीपासून पुन्हा टाळेबंदी लागली होती, आणि दुसरी लाट या वेळी आपल्या विदर्भातून वर येते आहे हे दिसत होते. पुढे 15 ते 21 मार्च नागपूरही बंद राहिले. दुकानदाराने आपल्या बोटावर, मग माझ्या बोटावर यंत्र लावून दाखवले आणि नाडी मनगटावर मोजून पडद्यावरील आकड्याशी ताडून पाहायला सांगितले. खरेदीपूर्वी ही पडताळणी प्रत्येकाने करावी.

हे यंत्र बोटातून लाल आणि अवरक्त असा दोन प्रकारचा प्रकाश पाठवते. प्राणवायू असलेले आणि नसलेले हिमोग्लोबिन हा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषते, आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बदलणाऱ्या भागावरून टक्केवारी निघते. त्यामुळे नखाला रंग किंवा बोटाला मेंदी असेल, हात गार पडले असतील, किंवा बोट हलले तर आकडा चुकतो. आमच्या यंत्राला स्थिर आकड्यासाठी अर्धा मिनिट लागतो, आणि तेवढे न थांबता पाहिलेला पहिला आकडा आईला दोनदा विनाकारण घाबरवून गेला. सावळ्या त्वचेवर आकडा प्रत्यक्षापेक्षा किंचित जास्त दिसू शकतो, हेही आपल्याकडे लक्षात ठेवायला हवे. म्हणूनच एका आकड्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ लिहिलेली वही मला अधिक विश्वासाची वाटते.

या तत्त्वाचे जनक, जपानी अभियंते ताकुओ आओयागी, 18 एप्रिल 2020 रोजी वारले. बरोबर एक वर्षाने, 18 एप्रिल 2021 रोजी, महाराष्ट्रात एका दिवसात 68,631 नवे रुग्ण नोंदले गेले. त्याच रात्री माझ्या धाकट्या भावाला ताप भरला. वहीत त्याच्या नावापुढे 97, 96, 96, 95 असे उतरत गेलेले आकडे आहेत. धाप नव्हती, बोलणे व्यवस्थित होते, तो स्वतः ‘काही होत नाही’ म्हणत होता. डॉक्टरांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे त्याला सहा मिनिटे खोलीतच चालवले, आणि आकडा 90 वर आला. त्याच संध्याकाळी आम्ही खाटेच्या शोधात निघालो, आणि चौथ्या ठिकाणी ती मिळाली. विशाखापट्टणमहून निघालेल्या पहिल्या ऑक्सिजन एक्स्प्रेसचे तीन टँकर 23 एप्रिलला नागपुरात उतरले, तेव्हा तो प्राणवायूवरच होता. अकराव्या दिवशी तो घरी आला. त्याला आणखी एक दिवस घरी ठेवले असते तर काय झाले असते, हा विचार मी अजून पूर्ण करू शकत नाही.

उणिवा आहेत. उन्हात पडदा वाचता येत नाही, पकडीची स्प्रिंग वर्षभरात सैल झाली, आणि सेल आत ठेवून यंत्र विसरले तर ते गळतात. किमतीची तक्रार मात्र दुकानदाराकडे करण्यात अर्थ नव्हता. केंद्राने ऑक्सिमीटरवरील व्यापारी नफ्याला 70 टक्क्यांची मर्यादा घातली ती जुलै 2021 मध्ये, म्हणजे लाट ओसरल्यावर.

जानेवारी 2022 च्या ओमायक्रॉन लाटेत आम्ही चौघेही आजारी पडलो, पण कोणाचाही आकडा 96 च्या खाली गेला नाही. वहीतील शेवटची नोंद गुढीपाडव्याची, 2 एप्रिल 2022 ची आहे. त्या दिवशी राज्यातील निर्बंध उठले, आणि भावाचा आकडा 98 होता.