बोनेर: हिवाळाभर किनाऱ्यावरून डाइव्हिंग केल्यानंतर

वाळूचा किनारा हवा असेल तर कॅरिबियन समुद्रातल्या बोनेर बेटावर जाऊ नका, शेजारच्या आरूबाला जा. बोनेरचा बहुतेक किनारा म्हणजे प्रवाळाचे मोडके तुकडे आणि धारदार खडक, अनवाणी चार पावलंही टाकवत नाहीत. पूर्वेकडच्या सोरोबोनला आणि पश्चिम किनाऱ्यासमोरच्या निर्मनुष्य क्लाइन बोनेर बेटावर वाळू आहे, पण तेवढ्यासाठी इतक्या लांब येण्यात अर्थ नाही. इथे यायचं ते पाण्याखाली जायला.

मी नेदरलँड्समध्ये राहते. लांब रजा घेऊन गेला हिवाळा बोनेरची राजधानी क्रालेंडाइकमध्ये काढला. परतून काही महिने झालेत, आणि सुट्टीची नवलाई ओसरल्यावरही माझं मत तेच आहे: मनासारखं डाइव्हिंग करायला मला याहून चांगली जागा मिळालेली नाही.

कारण साधं आहे. वारा जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून येतो, त्यामुळे बेटाची पश्चिम बाजू शांत असते आणि रीफ, म्हणजे प्रवाळाची रांग, किनाऱ्याला अगदी लागून आहे. भाड्याचा पिकअप घ्यायचा, मागे हवेच्या टाक्या टाकायच्या आणि रस्त्याच्या कडेला डाइव्ह साइटचं नाव लिहिलेला पिवळा दगड दिसला की थांबायचं. थोडं पोहलं की साधारण दहा मीटरवर रीफचा उतार सुरू होतो. ना बोटीची वेळ, ना वीस जणांचा घोळका. मी आणि माझी बडी, म्हणजे डाइव्हमधली जोडीदार, नाश्त्याआधी एक डाइव्ह करून परत येत असू.

दीर्घ मुक्कामाचा खरा फायदा मात्र वेगळाच. आठवड्याच्या सहलीत माणूस रोज नवी साइट शोधतो. आम्ही त्याच त्या साइटवर पुन्हा पुन्हा उतरलो. मग सागरी पंख्याला (पंख्यासारखं पसरलेलं मऊ प्रवाळ) शेपटी गुंडाळून बसलेला समुद्रघोडा ओळखीचा होतो, कुठल्या कपारीत हिरवी मोरे, म्हणजे सापासारखा लांब मासा, असते ते आधीच ठाऊक असतं. सॉल्ट पियर या मिठाच्या धक्क्याच्या खांबांवरचे स्पंज सकाळी आणि दुपारी वेगळ्या रंगांचे दिसतात. (तिथे मिठाचं जहाज लागलेलं असलं की उतरायला मनाई असते.) हिल्मा हूकर हे १९८४ मध्ये बुडालेलं ७२ मीटर लांबीचं मालवाहू जहाज सुमारे ३० मीटरवर कुशीवर पडलं आहे. तिथे नायट्रॉक्सचा, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचा, उपयोग होतो, घाई करावी लागत नाही.

आणि ऑस्ट्राकॉड! यासाठी तरी पौर्णिमा बघून तिकीट काढा. पौर्णिमेनंतर दुसऱ्या ते पाचव्या रात्री, सूर्यास्तानंतर पाऊण तासाने, चंद्र उगवायच्या आत उथळ पाण्यात उतरायचं आणि टॉर्च बंद करायचा. तिळापेक्षा लहान असे हे जीव. त्यांतले नर मादीला बोलावण्यासाठी पाण्यात एकामागोमाग एक निळे चमकते ठिपके सोडत जातात, आणि प्रत्येक जातीची ठिपक्यांची लय निराळी. हळूहळू चहूकडे अशा ओळी उमटतात. आम्ही कितीतरी वेळ हललोच नाही. टॉर्च लावला की मात्र उजेडाच्या आधाराने शिकार करायला मोठमोठे टार्पन मासे अगदी खांद्याजवळून जातात. पहिल्यांदा दचकायला होतं, पण ते माणसाला काही करत नाहीत.

आता वाईट बातमी. बेटाभोवतीचा समुद्र १९७९ पासून ६० मीटर खोलीपर्यंत सागरी उद्यान म्हणून संरक्षित आहे. तरीही २०२३ मध्ये कठीण प्रवाळांच्या ऊती मारणारा रोग इथे पोचला. मेंदूसारख्या वळ्यांच्या मेंदू प्रवाळाचे मोठाले गोळे पांढरेफटक पडलेले पाहून मला फार वाईट वाटलं. एवढं प्रवाळ वाढायला शतकं लागतात आणि मरायला काही आठवडे पुरतात. म्हणून डाइव्हनंतर सगळं सामान जंतुनाशकात बुडवायचा नियम आहे, आणि तो मनापासून पाळा. हातमोज्यांना बंदी आहे ती योग्यच, हात उघडे असले की प्रवाळाला धरावंसं वाटत नाही. पहिली डाइव्ह बॉयन्सी, म्हणजे पाण्यात तरंगत स्थिर राहणं, तपासण्यासाठी असते, तिला कटकट समजू नका.

तारकर्लीला प्रशिक्षकाचा हात धरून केलेली डाइव्ह एवढाच अनुभव असेल, तर आधी ओपन वॉटर हा डाइव्हिंगचा पहिला कोर्स करा. इथे तुमचं तुम्हालाच उतरायचं असतं. जाड तळाचे बूट घरूनच न्या. पिकअपमध्ये काहीही मौल्यवान ठेवू नका, चोऱ्या होतात. चलन अमेरिकी डॉलर आहे आणि किराणा बराच महाग, कारण जवळपास सगळंच बाहेरून येतं. जेवायला काबरितू स्तोबा, म्हणजे बकऱ्याचा रस्सा, मक्याच्या पिठाच्या घट्ट फुंचीबरोबर जरूर खा. बेट नेदरलँड्सचं असलं तरी शेंगेनमध्ये नाही, तेव्हा भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी व्हिसाचे नियम वेगळे तपासावेत.

डाइव्हिंग न करणाऱ्या जोडीदाराला लाक बे या खाडीतलं विंडसर्फिंग आवडेल, दक्षिणेच्या मिठागरांतले फ्लेमिंगोही, पण आठवड्याभरात तो कंटाळेल असं मला वाटतं. आमचं पुढचं जाणं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ठरतंय. प्रवाळ तेव्हा रात्री अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडतात, आणि ते हिवाळ्यात बघायला मिळत नाही.