नव्या कार्बोरेटरचं बिल, आणि इंजिनवर जुनाच कार्बोरेटर

बसून चालवायच्या लॉन मोवरची ही फसवणूक ठरलेल्या साच्यातली आहे. इंजिन एका चावीत सुरू होतं, पंधरा-वीस मिनिटं गवत कापतं आणि आचके देत बंद पडतं. थोडा वेळ उभं ठेवलं की परत चालू. मेकॅनिक म्हणतो, ‘कार्बोरेटर गेला, नवाच टाकावा लागेल,’ आणि यंत्र ठेवून घेतो. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग. दोन दिवसांनी नव्या कार्बोरेटरचं बिल हातात पडतं. प्रत्यक्षात त्याने टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक मोकळं केलेलं असतं आणि जुन्याच कार्बोरेटरवर क्लीनर मारून तो चकचकीत केलेला असतो.

ते भोक बुजलं की पेट्रोल संपत जाईल तशी टाकीत हवा शिरत नाही, ओढ तयार होते आणि पेट्रोल पुढे सरकेनासं होतं. हे तपासायला पानाही लागत नाही. इंजिन बंद पडल्या पडल्या झाकण सैल करा. फुस्स आवाज होऊन हवा आत गेली आणि इंजिन लगेच सुरू झालं, तर दोष झाकणाचाच.

इंजिन मुळीच सुरू होत नसेल, तर आधी स्पार्क प्लग काढून बघा. बराच वेळ स्टार्टर मारूनही टोक कोरडं असेल, तर पेट्रोल पोचत नाहीये. मग इंजिन गार असताना, मोकळ्या जागेत, एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात कार्ब क्लीनरचा छोटा फवारा मारा आणि स्टार्टर मारा. दोन-तीन सेकंद चालून बंद पडलं, तर ठिणगी ठीक आहे. ‘कॉइलही (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) बदला’ म्हणणाऱ्याचं खोटं इथेच उघडं पडतं.

आता कार्बोरेटरकडे येणारी नळी सोडून बरणीत धरा. टाकी वर असेल तर अखंड धार हवी, पंप असेल तर स्टार्टर फिरवताना ठोक्याठोक्याने. धार बारीक असेल तर पेट्रोलचा फिल्टर बघा. पंपाच्या इंजिनात क्रँककेसकडून (इंजिनच्या खालच्या पेटीकडून) पंपाला येणारी नळीही बघा, ती चिरली की पंप चालत नाही.

बऱ्याच इंजिनांत बाऊलच्या, म्हणजे कार्बोरेटरखालच्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या, तळाशी सोलेनॉइड असतो. ही पेट्रोल सोडणारी-थांबवणारी विजेवरची दांडी. चावी ऑन केली की ‘टक्’ ऐकू यायला हवं. आलं नाही, तर त्याच्या वायरवर १२ व्होल्ट मोजा. व्होल्टेज असूनही दांडी हलत नसेल तर सोलेनॉइड बाद, आणि तो बहुतेक वेळा सुटा बदलता येतो. कार्बोरेटरला हात लावायचं कारण नाही.

इंजिनचा वेग सारखा वर-खाली होत असेल आणि चोक अर्धा ओढल्यावर तो स्थिरावत असेल, तर पेट्रोल कमी पडतंय. बहुधा जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा, चोंदलेलं असतं. काढून उजेडासमोर धरा. भोक पूर्ण गोल दिसायला हवं, चंद्रकोरीसारखं दिसलं तर आत पेट्रोलचा चिकटा सुकून बसलाय. क्लीनरमध्ये भिजवा, हवेने फुंका. तार घुसवू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग कार्बोरेटर खरोखरच बिघडतो. हा चिकटा जुन्या पेट्रोलचा असतो. पेट्रोल ३० दिवसांपेक्षा जास्त काळ ठेवायचं असेल तर ते ताजं असतानाच त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं रसायन) घाला. बहुतेक मोवर इंजिनांना १० टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉल चालत नाही.

एका बाबतीत मात्र घाई करा. ऑइल डिपस्टिकवरच्या खुणेच्या वर गेलं असेल आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर फ्लोटची नीडल, म्हणजे बाऊल भरल्यावर पेट्रोल अडवणारी सुई, गळतेय. इंजिन सुरू करू नका. नीडल आणि ती जिथे टेकते ती सीट बदलली तरी ऑइल बदलल्याशिवाय ते काम पुरं होत नाही, आणि बिलात नेमकं तेच नसतं.

यंत्र देण्याआधी बाऊलच्या खालच्या बाजूला नेलपॉलिशचा एक ठिपका लावा आणि त्याचा फोटो काढा. क्लीनरने ठिपका पुसला जाईल, म्हणून कार्बोरेटरवर कोरलेला नंबर आणि अंगावरचे जुने ओरखडेही फोटोत घ्या. जुना भाग परत हवा, हे पावतीवर लिहून घ्या. नवा कार्बोरेटर बसवला असेल तर गॅस्केटही (जोडातल्या पातळ चकत्या) नवीच दिसतील. जुनी, काळी पडलेली गॅस्केट दिसली, तर पैसे देण्याआधी तिथेच बाऊलखाली आरसा धरा आणि फोटोशी ताडून बघा.