रंग बदलणारी फिल्म: लोमोक्रोम पर्पल, रेडस्केल की सिनेस्टिल ८००टी?

साध्या रंगीत निगेटिव्हवर हात बसला की अनेकांना रंगांशी खेळून पाहावेसे वाटते आणि तेव्हा ही तीन नावे हमखास पुढे येतात. तिन्ही रोल सी-४१ या रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या नेहमीच्या प्रक्रियेतच धुतले जातात, त्यामुळे लॅब बदलावी लागत नाही. परंतु समोर कोणता रंग आणि कोणता प्रकाश असणार आहे हे आधी पाहिले नाही, तर यांपैकी कोणताही रोल फुकट जाऊ शकतो.

२०१३ मध्ये आलेली लोमोक्रोम पर्पल हिरव्याचा जांभळा, निळ्याचा हिरवा आणि पिवळ्याचा गुलाबी रंग करते. तांबडा बराचसा जागेवर राहतो. तिची तुलना नेहमी कोडॅकच्या बंद झालेल्या एरोक्रोम या फिल्मशी होते, पण एरोक्रोम अवरक्त किरण टिपत असल्यामुळे तिच्यात जिवंत पालवी लाल उमटे आणि हिरवा रंग फासलेले लष्करी आच्छादन वेगळे ओळखू येई. पर्पलला असा भेद कळत नाही. हिरवे रंगवलेले दारही तिच्यात झाडाइतकेच जांभळे होते. श्रावणात भातखाचरांचे मी काढलेले एक छायाचित्र त्या दृष्टीने बोलके आहे: खाचरे जांभळी, गोठ्यावरची निळी ताडपत्री हिरवी आणि बांधावरच्या बाईचे लाल लुगडे मात्र लालच. त्याच डोंगरावर एप्रिलच्या वाळलेल्या गवतात हीच फिल्म अगदी फिकी वाटली. वेग (आयएसओ, म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे तो आकडा) १०० ते ४०० यांदरम्यान कुठेही धरता येतो. १०० वर रंग सौम्य, तर ४०० वर गडद येतात. मी २०० धरतो.

रेडस्केल म्हणजे सगळे चित्र तांबड्या-पिवळ्या छटांत देणारी फिल्म. ती तयारही मिळते, परंतु घरी करणे अधिक स्वस्त आणि, खरे सांगायचे तर, अधिक मजेचे आहे. चेंजिंग बॅगमध्ये (हात घालून अंधारात फिल्म हाताळायची पिशवी) साधा रोल डबीतून काढून दुसऱ्या रिकाम्या डबीत उलटा चिकटवायचा, म्हणजे प्रकाश पाठीमागून शिरून लाल रंग टिपणाऱ्या थराला प्रथम भिडतो आणि निळ्याच्या थरापर्यंत जवळजवळ काहीच पोहोचत नाही. या वाटेत बराच प्रकाश अडत असल्यामुळे ४०० चा रोल १०० किंवा त्याहूनही कमी धरावा. भरपूर प्रकाश दिल्यास सोनेरी पिवळा रंग येतो, कमी दिल्यास जळका तांबडा. चिकटपट्टी सपाट बसली नाही तर रोल मध्येच अडकतो. चित्रे आरशातल्यासारखी उलटी उमटतात, हे लॅबला आधीच सांगावे. एकाच रंगाचे छत्तीस फोटो लवकर कंटाळा आणतात, म्हणून हा प्रकार वर्षाकाठी एखादाच रोल करण्याजोगा आहे, असे माझे मत आहे.

सिनेस्टिल ८००टी या दोघींच्या पंगतीत खरे तर बसत नाही, कारण ती रंगांची अदलाबदल करत नाही. कोडॅकच्या चित्रपटासाठीच्या ५००टी फिल्मवरचा रेमजेट हा काळा थर काढून ती तयार होते; ‘टी’ म्हणजे टंगस्टन, अर्थात बल्बच्या पिवळ्या प्रकाशासाठी बनवलेली. तो थर नसल्याने प्रखर दिव्याचा प्रकाश फिल्मच्या पाठीवरून परततो आणि दिव्याभोवती तांबडी प्रभावळ उमटते. रात्रीचे स्टेशन, चहाच्या टपरीवरचा पिवळा बल्ब, पावसाने ओला झालेला रस्ता यांसाठी मी डोळे झाकून हीच घेईन. भर दुपारी मात्र ती निळसर पडते. तेव्हा ८५ क्रमांकाचा नारिंगी फिल्टर लावून वेग ५०० धरावा लागतो. रेमजेट न काढलेले चित्रपटाचे तुकडे डबीत भरून स्वस्तात विकले जातात, ते चुकूनही सी-४१ लॅबमध्ये देऊ नयेत. तो काळा थर सुटून लॅबची रसायने आणि इतरांचे रोलही खराब होऊ शकतात.

कोणतीही फिल्म निवडली तरी लॅबला चिठ्ठी द्यावी: ‘स्कॅन करताना रंग दुरुस्त करू नयेत.’ माझा पहिला पर्पल रोल एका लॅबने नेकीने दुरुस्त करून दिला, तेव्हा खाचरे मळकट करडी आली होती; सुदैवाने निगेटिव्ह शाबूत होती आणि दुसऱ्यांदा केलेल्या स्कॅनमध्ये जांभळा रंग परतला.