प्राण्यांची रेस्क्यू ॲम्ब्युलन्स : ५ पैकी ४ स्टार, आणि पोलिसात जाणाऱ्यांसाठी थोडं

मी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते. रेस्क्यूवाल्यांचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण केस चालू आहे. पण लिहायचं होतंच, कारण मला वाटायचं हे लोक येतात, जखमी कुत्रं उचलून नेतात, झालं. तसं नाहीये.

चिंगी आमच्या बिल्डिंगखालची कुत्री, सात वर्षांची, आमच्या पोरांच्या हातची बिस्किटं खाऊन मोठी झालेली. जुलैत एका रात्री अकराच्या सुमारास खालून असा आवाज आला की मी चपला न घालताच धावले. मीटरबॉक्सपाशी पडलेली, मागचा उजवा पाय नुसता लोंबत होता. बाजूच्या बिल्डिंगमधल्या एकाने लोखंडी सळईने मारलं होतं, वॉचमन काकांनी डोळ्यांनी बघितलं.

हेल्पलाइन चौथ्या वेळेला उचलली आणि गाडी यायला पाऊण तास लागला. एक स्टार तिथेच गेला. रात्री एकच गाडी असते म्हणाले, मान्य, पण तो पाऊण तास तिचं कण्हणं ऐकत बसणं मी विसरू शकत नाही.

गाडीतून विशीतली दोन पोरं उतरली. मी ओल्या फडक्याने रक्त पुसत होते तर एक जण म्हणाला, "ताई थांबा, पुसू नका, आधी फोटो." जखमेजवळ सहा इंची पट्टी ठेवून त्याने फोटो काढले, एक लांबून, एक मीटरबॉक्सचा नंबर दिसेल असा. मग तिचं तोंड पट्टीने अलगद बांधलं, कारण दुखत असलं की आपल्या माणसालाही चावतात, आणि पायाला पुठ्ठ्याचा आधार दिला. सळई स्कूटरखाली पडली होती, मी उचलायला गेले तर दुसऱ्याने अडवलं, हात लावू नका, पोलीस पंचनाम्यात घेतील. हे मला आयुष्यात सुचलं नसतं!

त्यांच्या डॉक्टरांनी रात्रीच एक्स-रे काढला, मांडीचं हाड मोडलं होतं. सर्टिफिकेटवर तारीख, वेळ, बोथट जड वस्तूचा मार, सही, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर, सगळं नीट. केस उभी राहते ती या कागदावर, आपल्या रडण्यावर नाही.

पोलीस स्टेशनला साहेबांनी एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहायला घेतली. आता इथे नीट वाचा. प्राण्यांच्या छळाचा कायदा १९६० चा आहे, त्याच्या कलम ११ मधले बरेचसे गुन्हे अदखलपात्र, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या ऑर्डरशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड किती तर १० ते ५० रुपये. ५० रुपये! हे कळलं तेव्हा मला तिथेच रडू फुटलं. पण प्राण्याला मारून टाकणं, विष घालणं, अपंग करणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये येतं, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि ते दखलपात्र आहे, एफआयआर घ्यावीच लागते. आधी हे आयपीसी, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेच्या ४२८-४२९ मध्ये होतं आणि तिथे जनावराची किंमत १० रुपये, ५० रुपये अशी धरलेली होती, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात ती अट गेली. रेस्क्यूचा एक पोरगा सोबत आला होता, त्याच्याकडे कलमासकट टाइप केलेला अर्ज तयार होता. साहेबांनी दोनदा वाचला, आत जाऊन वरच्यांना विचारून आले आणि अडीच वाजता एफआयआर झाली. साहेब वाईट नव्हते, त्यांनी हे कलम याआधी कधी लावलंच नव्हतं. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, मागून घ्या. घेतच नसतील तर वरिष्ठांना लेखी द्या, तरी नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.

सगळ्यात अवघड गेलं ते वॉचमन काकांचं. नोकरी जाईल म्हणून ते जबाब द्यायला तयार नव्हते आणि मी त्यांना दोष देत नाही, गावाला चार माणसं त्यांच्या पगारावर आहेत. तो मुलगा दोन संध्याकाळी येऊन त्यांच्याजवळ नुसता चहा पीत बसला, जोर केला नाही. तिसऱ्या दिवशी काका स्वतःच म्हणाले, चला. मग सोसायटीच्या सेक्रेटरीकडून सीसीटीव्ही फुटेज घेतलं, आमचा डीव्हीआर (कॅमेऱ्याचा रेकॉर्डर) पंधरा दिवसांनी जुनं पुसतो म्हणून घाई होती, आणि पेनड्राइव्हसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं हेही रेस्क्यूवाल्यांनीच सांगितलं.

कोणाच्या शेजारी बाल्कनीत आखूड साखळीला कुत्रा दिवसदिवस बांधलेला असेल, पाणी नाही, सावली नाही, तर तोही १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये गुन्हाच आहे. फक्त त्या कायद्याखाली केस तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावी लागते, त्यामुळे बघू बघू करत बसू नका, तारीखवार व्हिडिओ काढा आणि ओरिजिनल फोनमध्येच राहू द्या.

ट्रीटमेंटचे पैसे त्यांनी मागितले नाहीत, आम्ही बिल्डिंगमधून गोळा करून दिले. चिंगी परत आलीये, लंगडते, काकांच्या खुर्चीखाली झोपते. चार्जशीट अजून झालेली नाही. गेल्या आठवड्यात त्या मुलाचा फोन होता, चिंगी नीट जेवते का आणि तपास अधिकाऱ्यांनी डॉक्टरांचा जबाब घेतला का, दोन्ही विचारलं त्याने.