दादरच्या सेंटरमधला गुडघ्याचा एमआरआय: चित्रं चोख, रिपोर्ट ढोबळ

दादर स्टेशनहून पायी गाठता येणाऱ्या या सेंटरचं मशीन १.५ टेस्लाचं आहे (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप). ‘३ टेस्ला’ची जाहिरात वाचून ठाण्यापर्यंत जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं: लिगामेंट (हाडांना जोडणारे पट्टे), गादी (सांध्यातला मेनिस्कस) आणि हाडातली सूज १.५ वर व्यवस्थित दिसते. ३ टेस्लाचा फायदा मुख्यतः हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेच्या बारीक चिरा पाहायला. त्यापेक्षा फरक पडतो कॉइलचा, म्हणजे गुडघ्याभोवती बसवून सिग्नल टिपणाऱ्या साधनाचा. इथे गुडघ्याची स्वतंत्र कॉइल आहे, त्यामुळे चित्र दाणेदार येत नाही.

टेक्निशियन हाताचा पक्का. पाय आधी आत, डोकं बाहेरच राहतं, त्यामुळे बंद जागेची भीती असणाऱ्यांनाही जमतं. गुडघा दहा-पंधरा अंश वाकवून, पाऊल किंचित बाहेर वळवून, मोकळ्या जागेत पॅड ठासतात. असं ठेवलं की पुढचं क्रूशिएट लिगामेंट (एसीएल) तिरकं कापलं न जाता सलग दिसतं. वीस-पंचवीस मिनिटांत सैल ठेवलेला पाय हलतोच, आणि हलल्याच्या रेघा गादीवर पडल्या की धड गादीही फाटल्यासारखी भासते. दुखण्यामुळे पाय स्थिर राहणार नसेल तर आधीच सांगा. मग फॅट-सप्रेस्ड चित्रं, म्हणजे चरबीचा उजळपणा दाबून सूज दाखवणारी, पहिली उरकून घेतात.

धातूची चौकशी दोनदा होते, सोबतच्या नातेवाइकाचीही. हे जाच वाटू देऊ नका. २०१८ मध्ये मुंबईतच, नायर रुग्णालयात, ऑक्सिजन सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या तरुणाचा जीव गेला होता.

घोडं अडतं रिपोर्टवर. ‘मेडिअल मेनिस्कस, ग्रेड २ सिग्नल’ (आतल्या बाजूच्या गादीत चित्रात दिसणारा पांढरट डाग) हे निष्कर्षात ठळक अक्षरांत छापतात. ग्रेड २ म्हणजे गादीच्या आतला, पृष्ठभागापर्यंत न पोचलेला बदल. गादी फाटलेली नाही. पेशंट मात्र ‘गादी गेली’ म्हणत घरी जातो. सिग्नल पृष्ठभागाला भिडला तर तो ग्रेड ३, आणि तोही निदान दोन छेदांत, म्हणजे गुडघ्याच्या चकत्यांसारख्या चित्रांत, दिसला तरच खात्रीचा. शिवाय फाटलेली प्रत्येक गादी दुखतेच असंही नाही. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅमला ५० ते ९० वयाच्या लोकांचे एमआरआय काढले, तेव्हा गादी फाटलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांचा गुडघा आदल्या महिन्यात दुखलाही नव्हता, आखडलाही नव्हता. तो अभ्यास २००८ चा.

म्हणून दुखतं नेमकं कुठे, हे रेडिओलॉजिस्टला कळायलाच हवं. इथल्या फॉर्ममध्ये ‘नी पेन’ यापलीकडे जागाच नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘आतल्या बाजूला, जिना उतरताना, गुडघा अडकतो’ असं लिहून आणा. दुखऱ्या जागी व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल चिकटपट्टीने लावायला सांगितली तर लावतात. टी-वन या प्रकारच्या चित्रात ती पांढरी उठून दिसते.

पन्नाशीच्या पुढे आधी उभं राहून काढलेला एक्स-रे हवा. झोपून काढलेल्या एमआरआयमध्ये वजनाखाली सांधा किती दबतो ते कळत नाही. सेंटर हा एक्स-रे मागत नाही, हे खटकलं.

निघताना फिल्मवर भागवू नका. फिल्मवर निवडक चौकटी असतात. सर्जनला सगळे छेद मागेपुढे फिरवून बघायचे असतात. सीडी घ्या, लिंकही मागा, कारण बऱ्याच दवाखान्यांतल्या लॅपटॉपला आता सीडी चालत नाही. दोन्ही गुडघ्यांचं बिल दोन स्कॅनचं लागतं, आणि नुसत्या तुलनेसाठी चांगला गुडघा आत घालायची सहसा गरज नसते.