संग्रहालयाची नोंदवही कोणाला द्यावी: घरबसल्या स्वयंसेवकांना की एजन्सीला?

मुंबईतील एखाद्या लहान संग्रहालयाच्या अभिरक्षकाने संग्रहाचे डिजिटायझेशन काढले, की काम एजन्सीला कंत्राटावर द्यावे की ठिकठिकाणी घरी बसलेल्या स्वयंसेवकांवर सोपवावे, हा प्रश्न लगेच उभा राहतो. माझ्या मते तो सबंध कामाला मिळून एकदाच विचारला जातो, तेथेच चूक होते. कारण स्कॅनिंग हे एक काम आहे आणि स्कॅन केलेले वाचून नोंदवणे हे दुसरे.

स्कॅनिंगपुरती एजन्सीच बरी. मूळ वह्या आणि वस्तू इमारतीबाहेर जाऊ द्यायच्या नसतात, त्यामुळे दूरच्या स्वयंसेवकाचा येथे उपयोग नाही, आणि एजन्सी मात्र यंत्रे व माणसे घेऊन आपल्याकडे येते. मुंबईच्या दमट हवेत बांधणी फुगलेली वही सपाट स्कॅनरवर दाबली जाणार नाही आणि जतनासाठी टिफ (TIFF) या चित्र-स्वरूपातील प्रत मिळेल, एवढे करारात स्पष्ट लिहून घ्यावे.

वाचनाचा हिशेब निराळा आहे. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतील, तर ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा दिसत नाही, शब्दांमध्ये जागा सुटलेली नसते, आणि पानामागे दर ठरलेला टंकलेखक अडला तरी थांबत नाही. उलट, हयातभर जुने फेरफार वाचलेला निवृत्त महसूल कर्मचारी घरबसल्या अशी पाने हौसेने वाचतो आणि शंका आली तर विचारतो. एका वहीत पान उलटल्यावर पहिल्याच ओळीत वस्तूच्या नावाखाली ‘कित्ता’ (म्हणजे ‘वरीलप्रमाणेच’) आणि पुढे ‘पि., ६ इं.’ असे होते. एजन्सीच्या तक्त्यात वस्तूचे नाव ‘कित्ता’ असेच उतरले; स्वयंसेवकाने मागचे पान मागवले आणि मगच ‘समई, पितळ’ असे भरले. अर्थात, मागचे पान त्याला आधीच दाखवायला हवे होते, आणि तो दोष पाने सुटी करून पाठवणाऱ्या आमचाच होता.

स्वयंसेवक फुकट पडतात, हा मात्र भ्रम आहे. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्था २०१३ पासून स्वयंसेवकांकडून हस्तलिखिते उतरवून घेते. तेथेही एकाने उतरवलेले दुसरा तपासतो आणि अखेरची मंजुरी संस्थेतील माणूस देतो. म्हणजे पैसे वाचले तरी अभिरक्षकाचा रोजचा तासभर जातोच. शिवाय दिवाळीच्या सुट्टीत नाव नोंदवलेले विद्यार्थी परीक्षा जवळ येताच दिसेनासे होतात, म्हणून ठरलेल्या तारखेला अहवाल द्यायचा असेल तर केवळ त्यांच्यावर विसंबू नये. देणगीदारांच्या पत्त्यांचा रकाना, वाचणारे कोणीही असोत, पाने बाहेर पाठवण्यापूर्वी झाकावा.

नोंदी अखेर पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने संग्रहालयांसाठी केलेल्या ‘जतन’ प्रणालीत जाणार असतील, तर तिचेच रकाने दोघांनाही आरंभी द्यावेत. नंतर जुळवणी करणे वाचनापेक्षा कंटाळवाणे ठरते.

वही इंग्रजीत, टंकलिखित असेल आणि शंकांना उत्तर देणारे कोणी नसेल, तर वाचनही एजन्सीकडेच द्यावे. हस्तलिखित वा मोडी असेल आणि रोज तासभर निघत असेल, तर स्वयंसेवक घ्यावेत. तरीही निर्णय होत नसेल, तर तीच वीस पाने दोघांना द्यावीत, आणि त्यांत ‘कित्ता’ने सुरू होणारी निदान पाच असावीत.