‘तुम्ही कांडप बंद केलंत म्हणे?’

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मंडईत कोरेगावकडच्या एक वहिनी भेटल्या. जुनं गिऱ्हाईक. पाडव्याच्या आगेमागे दरवर्षी बारा-पंधरा किलो मिरची घेऊन येणारं घर. मला बघून म्हणाल्या, “अहो, कांडप बंद केलंत ते कळवायचं तरी! फोनपण लागेना तुमचा. आम्ही यंदा दुसरीकडं कुटून आणली.” मी म्हटलं, बंद कुठलं, आत्ता डंक (मिरची कुटायचं यंत्र) चालू ठेवून भाजीला आलेय. त्यांनी मोबाईल काढून दाखवला. आमच्या दुकानाचं नाव, आमच्याच दाराचा फोटो, आणि खाली तांबड्या अक्षरांत ‘कायमचे बंद’.

ते कुणी लिहिलं, हे कळायला मला पुढे तीन दिवस लागले. पण लिहायची मुभा मीच दिली होती. ती कशी दिली, ते सांगायला बसलेय.

साताऱ्यात आमचं मिरची कांडप आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, गेली एकोणीस वर्षं मी बघते. इकडं चटणी म्हणजे इडलीबरोबरची नव्हे. ब्याडगी, संकेश्वरी, थोडी लवंगी, वर खडा मसाला, खोबरं, तीळ, तळलेला कांदा, लसूण असं सगळं डंकावर कुटून केलेलं वर्षाचं तिखट. फेब्रुवारी संपता संपता गर्दी सुरू होते आणि पहिला पाऊस पडला की संपते. या तीन-साडेतीन महिन्यांवर आमचं वर्ष चालतं. बाकीच्या दिवसांत हळद, शिकेकाई आणि किरकोळ दळप.

गूगलवर दुकानाची नोंद २०२१ साली भाच्यानं करून दिली होती. तेव्हा पोस्टानं एक पत्र आलं होतं, त्यात पाच आकडी कोड. तो टाकला आणि आम्ही नकाशावर दिसायला लागलो. एक पैसा लागला नाही. नोंद माझ्याच जीमेलवर होती. नंतर मी तिकडं फिरकलेच नाही, कारण गरज पडली नाही. लोक नकाशा लावून येत होते, चौदा जणांनी चांगलं लिहिलंही होतं.

फोन आला जानेवारीत. गोड आवाज, मराठी-हिंदीची मिसळ. “मॅडम, गूगलमधून बोलतोय. तुमचं लिस्टिंग एक्स्पायर होतंय, आज रिन्यू केलं नाही तर मॅपवरून निघून जाईल.” जानेवारीत फोन यावा यातच सगळं आलं. सीझन तोंडावर, यंत्राची दुरुस्ती चाललेली, दोन बायका नव्यानं कामावर घेतलेल्या. अशा वेळी नकाशावरून नाव जाणार म्हटल्यावर पोटात गोळा आला. मी दोन-तीन प्रश्न विचारले तसा तो ‘गूगलमधून’वरून ‘गूगलचे पार्टनर’वर आला. ही घसरण माझ्या कानांनी ऐकली आणि तरी सोडून दिली. गूगल पार्टनर असा बिल्ला जाहिरात कंपन्यांना खरोखर मिळतो, पण बिल्ला असला म्हणून कुणी गूगलचा माणूस होत नाही. आणि ही नोंद एक्स्पायर होत नाही. तिला वर्गणीच नाही तर मुदत कसली? हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पॅकेज १४,९९९ रुपयांचं. ‘सहा महिन्यांत पहिल्या नंबरची गॅरंटी.’ वर १८ टक्के जीएसटी धरून १७,६९८ रुपये ८२ पैसे. ते ८२ पैसे बघून मला व्यवहार अगदी चोख वाटला, काय सांगू! बिलावर जीएसटी नंबरही होता. तो नंबर जीएसटीच्या सरकारी साइटवर कुणालाही टाकून बघता येतो, लॉगिनसुद्धा लागत नाही. भाच्यानं मे महिन्यात टाकला, तर भलत्याच गावातल्या भलत्याच धंद्याचं नाव आलं, आणि नोंदणी रद्द झालेली.

पैसे भरल्यावर दोन दिवसांनी एक पोरगा दुकानात आला. विशी-बाविशीचा, गळ्यात ओळखपत्र, ठसका लागून डोळ्यांतून पाणी. मी त्याला गूळ-पाणी दिलं. “ताई, फोन द्या, सेटिंग करतो.” (आता मी ताई झाले होते.) दहा मिनिटं त्यानं माझ्या फोनवर काहीबाही केलं. आठ-दहा दिवसांनी पुन्हा आला, पुन्हा फोन घेतला, “थोडं राहिलं होतं” म्हणाला. दुसऱ्यांदा का आला, ते पुढे भाच्यानं उलगडलं. पहिल्या खेपेला त्यानं स्वतःच्या कंपनीचं खातं आमच्या नोंदीवर मालक म्हणून जोडलं. नव्या मालकाला पहिले सात दिवस मुख्य मालकी घेता येत नाही की दुसऱ्याला काढता येत नाही, तशी सोयच गूगलनं ठेवली आहे. सात दिवस सरल्यावर त्यानं मुख्य मालकी तिकडं वळवली आणि मला काढून टाकलं. जी सोय मला सावध होता यावं म्हणून ठेवलेली, ती सरेपर्यंत तो थांबला, आणि मी त्याला दोन्ही वेळा गूळ दिला. जीमेलवर सूचना आल्या असणार. मी जीमेल बघते कधी!

खरं तर कामासाठी कुणाला मालक करायची गरजच नसते. ‘व्यवस्थापक’ म्हणून जोडलं की फोटो टाकणं, वेळ बदलणं, उत्तरं देणं सगळं जमतं, आणि नको झाला की आपण काढू शकतो.

मग पहिल्या नंबरचा खेळ. फेब्रुवारीत फोन आला, “ताई, आत्ता दुकानात उभं राहून गूगलवर ‘मिरची कांडप’ टाका.” टाकलं, तर आम्ही पहिले! मी शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्यांनाही बोलावून दाखवलं. आता विचार केला तर हसू येतं. दुकानात उभं राहून शोधल्यावर दुकान पहिलं येणार नाही तर काय बेळगावचं येणार? गूगल जवळचं बघून दाखवतं. अंतर, शोधलेल्या शब्दांशी जुळणं आणि दुकानाची प्रसिद्धी या तीन गोष्टींवर तिथला क्रम ठरतो, आणि पैसे घेऊन तो क्रम वर नेत नाही, असं गूगलनंच लिहून ठेवलंय. जाहिरात निराळी. तिच्यावर ‘प्रायोजित’ असा शब्द असतो आणि पैसे संपले की तीही संपते. पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, हेही गूगलच्याच मदत-पानावर आहे. भाचा कराडला होता तेव्हा त्यानं तिथून शोधून बघितलं, आमचा पत्ताच नव्हता.

आपलं नाव खरंच कुठं दिसतं ते बघायचं तर चार गावांतल्या चार पाहुण्यांना त्यांच्या फोनवर शोधायला सांगावं. दुसरा उपाय मला तरी सुचत नाही.

त्याच महिन्यात ‘जाहिरात चालू करू या’ म्हणून महिना ६,००० रुपये निराळे. शिवाय ‘मेंटेनन्स’ २,३६० रुपये, ते यूपीआयच्या ऑटोपेवर, म्हणजे दर महिन्याला खात्यातून आपोआप वळते होणारे. महिन्याला पीडीएफ यायची, रंगीत गोल-गोल चित्रं, ‘४१,००० लोकांनी पाहिलं’ वगैरे. कांडपावर त्यातलं एक माणूस आलं नाही. मी कुरकुर केली तसा भाचा मध्ये पडला. तो पुण्याला नोकरीला आहे, जाहिरातीतला नाही, पण हिशोबाचा पक्का. त्यानं चार-पाच दिवस पिच्छा पुरवून त्यांच्याकडून एक्सेल मागवली. त्यांनी घाईत पाठवली असावी, कारण खालच्या दुसऱ्या पानावर लोकांनी काय शोधताना आमची जाहिरात दाबली त्याची सगळी यादी होती.

“मामी, बसल्या आहात ना? ऐका,” म्हणून त्यानं वाचायला सुरुवात केली. खोबऱ्याची चटणी रेसिपी. डोशाची चटणी. शेंगदाणा चटणी किती दिवस टिकते. मोमोजची लाल चटणी. मिरची दळायचं यंत्र किंमत. मसाला चक्की सेकंडहँड. चेन्नई, हैदराबाद, राजकोट, इंदूर. त्या शहाण्यांनी ‘चटणी’ आणि ‘कांडप यंत्र’ हे शब्द इंग्रजीत करून टाकले होते, शब्दांची जुळणी सगळ्यात ढिली, म्हणजे जवळपासचं काहीही शोधलं तरी जाहिरात दिसेल अशी, ठेवली होती आणि सातारा तालुक्याऐवजी अख्खा भारत निवडला होता. म्हणजे कोण कुठली चेन्नईची बाई, डोसा तव्यावर टाकून चटणी शोधतेय, आणि तिच्या प्रत्येक बोटाचे पैसे साताऱ्यातून मी भरतेय.

एकूण २१२ वेळा दाबलं गेलं होतं, आणि त्यांचे गूगलनं घेतलेले पैसे होते ३,१४० रुपये. मी दोन महिन्यांचे १२,००० दिले होते. बाकीचे कुठं गेले हे विचारल्यावर “सर्व्हिस चार्ज” असं उत्तर आलं. जाहिरातीचं खातं त्यांच्या नावावर, त्यामुळे खरा आकडा मला कधी दिसलाच नसता. खातं आपल्या ईमेलवर, आपल्या कार्डवर उघडून एजन्सीला त्यात फक्त काम करायला जोडून घेता येतं. चांगल्या एजन्सी तसंच करतात. जी नको म्हणते, तिला तिथंच रामराम करावा.

आणि अभिप्राय! आठवडाभरात आमच्या नावावर पाच तारे देणारी पन्नासेक माणसं उगवली. एकानं लिहिलं, ‘वातावरण शांत आणि प्रसन्न.’ आमच्याकडं चार डंक एकदम धडधडतात आणि दारात उभा माणूस शिंकून बेजार होतो. दुसऱ्यानं लिहिलं, ‘पनीर टिक्का अप्रतिम, स्टाफ नम्र.’ दुकानाचं नावही पाटीवर आहे ते राहिलं नव्हतं, पुढे ‘बेस्ट मिरची कांडप सातारा निअर मी’ असं शेपूट लावलेलं. पाटीवर नाही ते नावात घालणं आणि खोटे अभिप्राय, दोन्ही गूगलच्या नियमांविरुद्ध आहे, आणि त्यासाठी नोंद निलंबित होऊ शकते. झाली असती तर दोष दुकानाला लागला असता.

मार्चअखेर मी सांगितलं, पुढचे पैसे देणार नाही. आवाज बदलला. ताईची पुन्हा मॅडम झाले. “मॅडम, मग लिस्टिंगची जबाबदारी आमची नाही.” मला वाटलं, नाही तर नाही, आमचं आम्ही बघू. तेव्हा कुठं माहीत होतं की नोंदीवरचा फोन नंबर त्यांनी कधीच बदलला होता! त्यांच्या नंबरवर आलेला फोन आमच्याकडं वळवला जायचा, म्हणजे ‘आमच्यामुळे इतके फोन आले’ असा हिशोब दाखवता यावा. तो नंबर त्यांनी तोडला आणि दुकान ‘कायमचे बंद’ केलं. माझी जुनी गिऱ्हाइकंसुद्धा डायरीतून नंबर काढत नाहीत, गूगलवरून काढतात. त्यामुळे फोन लागला नाही तो कोरेगावच्या वहिनींनाच लागला नाही असं नाही. आणखी किती घरं परत गेली, त्याचा हिशोब कुठल्या एक्सेलमध्ये मिळणार?

नोंद परत मिळवायला भाच्यानं मालकीची विनंती टाकली. सध्याच्या मालकाला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात. तिकडून काहीच आलं नाही, तेव्हा स्वतः पडताळणी करायचा पर्याय उघडला. व्हिडिओ करायचा होता, न तोडता, एका दमात. आधी रस्ता आणि आजूबाजूची दुकानं, मग आपली पाटी, मग आतली यंत्रं, आणि दुकान आपलंच असल्याचा पुरावा. पहिल्यांदा पाटीवर ऊन पडून नाव वाचता येईना, पुन्हा केला. पुरावा म्हणून मी किल्लीनं कुलूप काढून शटर वर केलं. सासूबाई आत बसल्या होत्या, म्हणाल्या, “चोर शिरलाय का काय, एवढं शूटिंग कसलं?” पाच दिवसांनी नोंद परत आली. एप्रिलचा निम्मा महिना तोवर गेला होता.

ऑटोपेचं मात्र कुणाच्याच लक्षात आलं नाही. नोंद परत आली त्याच दिवशी फोनवर संदेश आला, उद्या २,३६० रुपये वळते होणार. यूपीआयच्या ॲपमध्ये ऑटोपे नावाचा भाग असतो, तिथं पैसे वळते करायच्या सगळ्या चालू परवानग्या (मँडेट) दिसतात आणि तिथल्या तिथं रद्द करता येतात. आधीचे दोन हप्ते गेले ते गेले. सगळं मिळून ३४,४१८ रुपये. ८२ पैसे वर.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. पैसे गेल्यागेल्या केला तर बँकेत रक्कम अडवता येण्याची शक्यता असते, माझ्या बाबतीत महिने उलटले होते. तरी सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. ‘धंद्यासाठी घेतलेली सेवा म्हणून ग्राहक म्हणता येणार नाही’ असं एकानं घाबरवलं होतं. तरीही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. दोन्हीकडं चौकशी चालू आहे. बिल, पीडीएफ, ती एक्सेल, व्हॉट्सॲपवरचं बोलणं सगळं ठेवलंय. पोराच्या ओळखपत्राचा फोटो मात्र काढला नव्हता. गळ्यात आहे म्हणजे खरंच असेल असं वाटलं.

नावाचं शेपूट काढलं, नंबर आमचा घातला. खोटे अभिप्राय एकेक करून कळवले, बरेचसे गेले. पनीर टिक्का अजून आहे. परवा शाहूपुरीतून एक नवीन सूनबाई मिरची घेऊन आल्या, पिशवी खाली ठेवली आणि आत डोकावून हळूच विचारलं, “ताई, ते हॉटेल मागच्या बाजूला आहे का?”